काँक्रीटवर रंग चढतो तो चुन्यामुळे

काँक्रीटची फरशी एका दुपारात संगमरवरासारखी करून दाखवणारे व्हिडिओ सध्या उदंड झाले आहेत. बाटलीतलं अॅसिड स्टेन, म्हणजे काँक्रीटला रंग देणारं आम्लयुक्त द्रावण फवारायचं, थोडा वेळ थांबायचं, पुसायचं, झालं. हे पाहून दोन समज पक्के होतात. एक, हा पेंटचाच प्रकार आहे. दोन, काम फार स्वस्तात होतं. पहिला समज चुकीचा आहे आणि दुसरा अर्धाच खरा.

पेंट म्हणजे पृष्ठभागावर चिकटलेला पातळ थर. खालून ओल आली की तो फुगतो आणि पापुद्रे निघतात. अॅसिड स्टेनचा असा थर बनत नाही. त्याचा रंग काँक्रीटच्या आतच तयार होतो, आणि त्यासाठी लागणारा अर्धा कच्चा माल काँक्रीटच पुरवतं.

सिमेंटमध्ये पाणी पडलं की त्यातली कॅल्शियम सिलिकेटं पाण्याशी संयोग पावतात. त्यातून एक जेल तयार होतं, जे वाळू-खडीला बांधून ठेवतं. सोबत कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विरलेला चुनाही बनतो. मजबुतीत याचा वाटा थोडा असला तरी मुरलेल्या सिमेंटच्या घनफळात तो साधारण पाचवा ते चौथा हिस्सा व्यापतो. त्याच्यामुळे काँक्रीटच्या छिद्रांमधल्या पाण्याचा सामू (pH) १२.५ च्या वर, म्हणजे खूपच अल्कलीधर्मी राहतो. स्टेनची सगळी करामत या चुन्यावर चालते.

बाटलीत असतात धातूंचे क्षार आणि थोडं हायड्रोक्लोरिक अॅसिड. समजा क्षार फेरिक क्लोराइडचा आहे. आम्लात लोहाचे आयन खुशाल विरघळून राहतात, अल्कलीत त्यांना तसं राहता येत नाही. द्रावण छिद्रांत शिरलं की चुना आधी अॅसिड संपवतो आणि सामू चढू लागतो. मग फेरिक क्लोराइडचे दोन रेणू चुन्याच्या तीन रेणूंशी अभिक्रिया करतात. त्यातून लोहाचं हायड्रॉक्साइड आणि कॅल्शियम क्लोराइड मिळतं. क्लोराइड पाण्यात विरघळतं, धुतलं की जातं. लोहाचं हायड्रॉक्साइड पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. जिथे तयार झालं तिथेच, छिद्राच्या भिंतींना धरून बसतं. हळूहळू त्यातलं पाणी कमी होऊन गंजाच्या कुळातली तपकिरी, तांबूस संयुगं उरतात. गेरूचा रंग याच कुळातला. लोह आधीच पूर्ण ऑक्सिडीकृत असल्यामुळे उन्हाने त्याचं आणखी काही बिघडत नाही.

हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट वापरलं तर हे डोळ्यांसमोर घडताना दिसतं. द्रावण फिकट हिरवं असतं. काँक्रीटवर पडलं की आधी हिरवट फेरस हायड्रॉक्साइड बनतं आणि मग हवेतला ऑक्सिजन घेत ते तपकिरी होत जातं. मँगनीजचंही तसंच: त्याचं हायड्रॉक्साइड फिकट असतं, हवेत काळपट होतं. म्हणून ओतल्याबरोबर रंग दिसला नाही तर घाबरून आणखी ओतू नये. तांब्याचे क्षार सुंदर निळे-हिरवे रंग देतात, पण सतत ओल असलेल्या जागी ते काळे पडू शकतात. तांब्याचं हायड्रॉक्साइड पाणी गमावून काळं ऑक्साइड बनतं. त्यामुळे निळा-हिरवा अॅसिड स्टेन अंगणासाठी मुळीच नको.

रंग ढगाळ, डागाळ येतो त्यालाही चुनाच कारण. थापीने जास्त घोटलेल्या भागात द्रावण कमी शिरतं. जुन्या काँक्रीटच्या वरच्या थरातला चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने चुनखडी होऊन बसलेला असतो. सिमेंटमध्ये फ्लाय अॅश, म्हणजे कोळशाची बारीक राख मिसळली असेल तर तीच बराचसा चुना खाऊन टाकते आणि रंग फिका येतो. कॅटलॉगमधला नमुना हुबेहूब तुमच्या फरशीवर उमटेल, असं सांगणारा विक्रेता रसायनशास्त्र तरी विसरलाय किंवा तुम्हाला ते येत नाही असं धरून चाललाय.

आता खर्च. एका लिटरमध्ये एका हाताचं साधारण ५ ते ७ चौरस मीटर काम होतं, त्यामुळे स्टेनवर फार पैसे जात नाहीत. ते जातात तयारीवर. जुना पेंट, तेल, मेण, टाइलचा गोंद यांपैकी काहीही राहिलं तर तिथे द्रावण चुन्यापर्यंत पोचत नाही. फरशीवर पाण्याचे थेंब टाकून पाहा; मोत्यासारखे उभे राहिले तर काम सुरूच करू नका. घासायला मशीन घेतलं तर उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसांना घातक असते, म्हणून ओलं घासा आणि योग्य मास्क लावा. दुसरा खर्च सीलरचा, म्हणजे रंगावर लावायच्या संरक्षक लेपाचा. रंग टिकला तरी वरचा सीलर पावलांनी झिजतो आणि काही वर्षांनी पुन्हा लावावा लागतो. हा आवर्ती खर्च जाहिरातीत नसतो.

स्टेनने काँक्रीट मजबूत होतं हा दावाही पोकळ आहे. अॅसिड उलट वरचा थर किंचित खातं. भेगाही झाकल्या जात नाहीत, कधीकधी जास्तच उठून दिसतात. आणि रंग आवडला नाही तर पुसता येत नाही, वरचा थर घासून काढावा लागतो. फायदा आहे तो वेगळाच: असलेली फरशी वापरात राहते, टाइल बसवल्यावर वाढते तशी जाडी वाढत नाही, पापुद्रे निघत नाहीत.

घरी करणार असाल तर नवं काँक्रीट किमान २८ दिवस मुरू द्या. हातमोजे, चष्मा आणि भरपूर हवा हवीच. अॅसिड पातळ करताना पाण्यात अॅसिड घाला, अॅसिडात पाणी कधीच नाही. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने उरलेलं अॅसिड उदासीन करून गाळ पूर्ण धुऊन काढा.

आधी कोपऱ्यात नमुना करून पाहाच, पण त्यावर सीलर लावल्याशिवाय निर्णय घेऊ नका. कोरड्या काँक्रीटच्या छिद्रांत हवा असते, तिथे प्रकाश विखुरतो आणि रंग पांढुरका दिसतो. सीलर छिद्रं भरतो, विखुरणं कमी होतं आणि तोच रंग कितीतरी गडद दिसतो.