पाच सूत की सात सूत: इलेक्ट्रॉनिक इअरमफची पार्श्वभूमी

नागपूरच्या लकडगंजात आमच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत. त्यांची चाळीस वर्षं आरामशीन आणि रंधा मशीन यांच्यामध्ये गेली. हल्ली माप सांगताना ते समोरच्याला बोटं दाखवायला लावतात. त्यालाही कारण घडलं. एकदा सात सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जाडीची सागाची पट्टी हवी होती, यांनी पाच सुताची काढली. लाकूड जास्त ठेवलं तर रंधून घेता येतं, कमी कापलं की गेलं. मालकाने चूक त्यांच्या डोळ्यांवर ढकलली, पण दोष कानांचा होता. 'पाच' आणि 'सात' मोठ्याने म्हणून बघा. मधला 'आ' अगदी तोच. फरक आहे तो स, त, प, च या बारीक आवाजांचा. यंत्राच्या गोंगाटाने कान बिघडतो तेव्हा सुरुवात साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास होते आणि पहिल्यांदा नेमके हेच आवाज जातात. माणूस म्हणतो, "मला ऐकू येतं हो, लोकच पुटपुटतात."

कानाच्या आतल्या शंखात आवाज टिपणाऱ्या सुमारे १५ हजार केसपेशी जन्मतः असतात. त्या मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत. सगळी भानगड इथेच आहे, आणि कानांवर वाट्या बसवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक इअरमफची गोष्टही इथूनच सुरू होते.

ही गोष्ट वैद्यकाला बरीच आधी कळली होती. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी याने कारागिरांच्या आजारांवरच्या आपल्या ग्रंथाच्या १७१३ च्या आवृत्तीत व्हेनिसच्या तांबटांबद्दल लिहिलं. दिवसभर तांबं ठोकून हे लोक कमी ऐकू लागतात आणि म्हातारपणी ठार बहिरे होतात, असं त्याचं निरीक्षण होतं. इतवारीतल्या भांडे ओळीला हे सांगायला व्हेनिसहून कोणी यायची गरज नव्हती म्हणा. पुढे वाफेचं युग आलं. बॉयलरच्या पोटात बसून रिबिटं धरणाऱ्या कामगारांचा बहिरेपणा इतका सर्रास होता की इंग्रजीत त्याला बॉयलरवाल्यांच्याच नावाने ओळखू लागले. ग्लासगोच्या टॉमस बार या कानाच्या डॉक्टरने १८८६ मध्ये अशा १०० कामगारांची तुलना ओतकामगारांशी आणि पोस्टमनांशी केली. खिशातल्या घड्याळाची टिकटिक किती अंतरावरून ऐकू येते, ही त्याची साधी चाचणी. शंभरातल्या एकाही बॉयलर कामगाराचे कान धड निघाले नाहीत. आपल्याकडे मुंबईहून रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली आणि १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली. म्हणजे बार ग्लासगोत घड्याळ घेऊन फिरत होता तेव्हा वाफ आणि चरख्या नागपुरातही येऊन बसल्या होत्या.

मग उपाय काय? कापसाचे बोळे. आजही अर्ध्या वर्कशॉपमध्ये तेच दिसतात. कोरडा कापूस आवाज फारसा अडवत नाही, अडवल्याचं समाधान तेवढं देतो. १९०७ मध्ये बर्लिनच्या मॅक्स नेगवर या औषधविक्रेत्याने कापसात मेण मुरवून 'ओरोपाक्स' नावाचे बोळे काढले. पहिल्या महायुद्धात ते जर्मन खंदकांत पोचले. याच युद्धात ब्रिटिशांकडे मॅलॉक-आर्मस्ट्राँग नावाचा एक बोळा होता. त्याच्या आत बारीक पडदा होता: बोलणं आत जावं, तोफेचा धक्का मात्र अडावा, ही त्यामागची कल्पना. मला या सगळ्या इतिहासात हा बोळा सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चालला किती, हा भाग वेगळा. पण प्रश्न बरोबर मांडला तो त्यानेच. सैनिकाला नुसती शांतता नको होती, हुकूमही ऐकू यायला हवा होता.

नंतरची काही दशकं मात्र सगळा जोर अडवण्यावरच गेला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्याचा व्ही-५१आर हा रबरी बोळा आला. जेट विमानांच्या काळात जाड वाट्यांचे इअरमफ आले. १९६७ मध्ये रॉस गार्डनर हा संशोधक सांधे भरायच्या रेझिनवर काम करत होता. त्यातून दाबला की बारीक होणारा आणि हळूहळू फुगणारा फोम मिळाला. कानात घालायचा तो पिवळा बोळा याच फोमचा. स्वस्त, हलका, आणि नीट पिळून घातला तर अजूनही उत्तम.

कायदाही मागोमाग आला. आपल्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत गोंगाटाने येणारा बहिरेपणा कळवणं बंधनकारक असलेल्या रोगांत होता. खाणींसाठी १९७५ मध्ये निघालेल्या परिपत्रकात ८५ डेसिबल ही इशाऱ्याची आणि ९० ही धोक्याची पातळी धरली आहे. उमरेड, सिलेवाडा इकडच्या कोळसा खाणींत काम केलेल्यांना हे आकडे पाठ असतात. लकडगंजात ते कोणी विचारत नाही. गोल करवत सागात शिरली की सहज १०० च्या घरात जाते, तरीही.

आता मुद्द्यावर येतो. इअरमफच्या खोक्यावर ३० डेसिबल छापलेलं असतं आणि लोक तो आकडा बघून घेतात. समजा तो आकडा अगदी खरा आहे. आठ तासांच्या पाळीत तुम्ही तो मफ फक्त अर्धा तास काढून ठेवलात, तर दिवसभराचा हिशेब केल्यावर संरक्षण उरतं साधारण १२ डेसिबल. कारण त्या अर्ध्या तासात कानात गेलेली ऊर्जा बाकीच्या साडेसात तासांपेक्षा कितीतरी जास्त असते. आणि माणूस मफ काढतोच. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की रेक्झिनच्या गादीखाली घामाची धार लागते, कानशिलं ठणकतात, गॉगलची काडी रुतते. शिवाय मिस्त्री काय ओरडला ते ऐकायला एक वाटी वर सारावीच लागते. थोडक्यात, आराम म्हणजे चैन नाही. खोक्यावरचा आकडा खरा ठेवणारी गोष्ट तीच आहे.

इलेक्ट्रॉनिक मफ जन्मला तो इथे, त्या जुन्या पडद्याच्या बोळ्याचा वारस म्हणून. त्याचे सुटे भाग दुसऱ्याच वाटेने तयार झाले होते. १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर आला, १९५२ च्या अखेरीस पहिलं ट्रान्झिस्टरवालं श्रवणयंत्र बाजारात आलं, १९६२ मध्ये बेल लॅब्जमध्ये सेसलर आणि वेस्ट यांनी इलेक्ट्रेट मायक्रोफोन बनवला. तो इवलासा आणि स्वस्त होता. मग रचना सोपी झाली. वाटीच्या बाहेर मायक्रोफोन, आत छोटा स्पीकर, मध्ये ॲम्प्लिफायर. हळू आवाज वाढवून आत सोडायचा, पण स्पीकरला साधारण ८२ डेसिबलच्या वर जाऊ द्यायचं नाही. जुन्या यंत्रांत बंदुकीचा बार झाला की स्पीकर पूर्ण बंद पडायचा, वाक्य मध्येच तुटायचं. आताची चांगली यंत्रं आवाज कापत नाहीत, दाबतात. बार होतानाही शेजारच्याचं बोलणं सुरू राहतं.

इथे दोन गैरसमज फार आहेत. पहिला, इलेक्ट्रॉनिक म्हणजे जास्त सुरक्षित. तसं नाही. आवाज अडवते ती प्लॅस्टिकची वाटी आणि तिची गादी. सेल संपले तरी ती तेवढंच अडवते. उलट बंदूक खांद्याला लावताना दस्त्याला लागू नये म्हणून नेमबाजांच्या मफची वाटी चपटी करतात, आणि चपटी वाटी अडवते कमी. दुसरा गैरसमज 'नॉइज कॅन्सलिंग' हेडफोनचा. ते तंत्र वेगळं, त्यात उलटी ध्वनिलहर सोडून आवाज मारतात. जर्मनीच्या पाउल लुएगने १९३३ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता, आणि बोस कंपनीचे अमर बोस १९७८ मध्ये विमानप्रवासात त्याच्या मागे लागले. एकसुरी घरघरीवर ते छान चालतं. गोळीच्या धक्क्यापुढे त्याचा उपयोग नाही. गाणी ऐकायचा हेडफोन घालून ग्राइंडर चालवणारी मुलं हिंगणा एमआयडीसीत बघितली की पोटात गोळा येतो.

नेमबाजीचं गणित आणखी वेगळं. आमची पुतणी .२२ रायफल मारते. त्या छोट्या रायफलचा धक्काही कानाशी १४० डेसिबलच्या आसपास जातो, मोठ्या पिस्तुलाचा १६० कडे. बंदिस्त रेंजमध्ये भिंती तो परत फेकतात. तिथे आम्ही पिवळा फोम कानात आणि वरून इलेक्ट्रॉनिक मफ असं करतो. दोन्हींची बेरीज होत नाही, जे जास्त अडवतं त्यावर साधारण ५ डेसिबल वाढतात. तेवढेही हवेच असतात. मफचा आवाज वाढवला की फोममधूनही कोचची सूचना कळते. पण स्पर्धेत हे चालत नाही. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांत आवाज वाढवणारं वा संदेश घेणारं साधन स्पर्धकाला वापरता येत नाही. म्हणून सराव इलेक्ट्रॉनिकवर आणि सामना साध्यावर, अशी दोन्हींची सवय लावावी लागते. पॅरिस २०२४ मध्ये तुर्कस्तानच्या युसुफ दिकेचचा खिशात हात घातलेला फोटो सगळ्यांनी बघितला. त्याच्या कानात पिवळे बोळेच होते.

घेताना मी खोक्यावर युरोपीय मानक ईएन ३५२-४ आहे का बघतो, कारण त्याचा चौथा भाग अशाच मफसाठी आहे. बाकी परीक्षा दुकानातच होते: चष्मा लावून मफ घालायचा, दहा मिनिटं गप्पा मारायच्या, जबडा हलवायचा. काडीपाशी फट पडत असेल तर जेलची गादी मागायची. तीही वर्षात एक-दोनदा बदलावी लागते, घामाने रेक्झिन कडक होतं.

मागच्या उन्हाळ्यात माझा मफ त्या मिस्त्रींच्या मुलाला घालून बघायला दिला. धंदा आता तोच बघतो. त्याने करवत सुरू केली, फळी लावली, आणि दोन इंच कापून बटण बंद केलं. मला वाटलं टोचलं काही.

"भाऊ, पातं शिटी मारून राह्यलं," तो म्हणाला. "धार गेली याची. इतके दिवस ध्यानातच नाही आलं."