जपानी आर्टबुक मागवण्याआधी काय बघावं

मुखपृष्ठावरचं नाव ओळखीचं आहे, एवढ्यावर आर्टबुक (चित्रांचं पुस्तक) मागवू नका. आत रेघ कुणाची आहे, चित्रं किती मोठी छापली आहेत आणि हातात पडणारी प्रत कितव्या छपाईची आहे, हे आधी विचारा. जपानहून आलेलं जाड पुस्तक परत पाठवायचा खर्च परवडत नाही, म्हणून सगळी चौकशी पैसे भरण्याआधी उरकावी.

चित्र नक्की कुणाचं?

सगळ्यात जास्त निराशा इथेच होते. ‘आर्टबुक’ या एका नावाखाली बऱ्याच वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात. ‘गाशू’ म्हणजे चित्रकाराच्या पूर्ण झालेल्या, बहुतेक रंगीत चित्रांचा संग्रह. ‘गेंगाशू’त अ‍ॅनिमेशनसाठी काढलेली पेन्सिलीची रेखाटनं असतात, कडेला सूचना आणि फ्रेमचे आकडे तसेच ठेवलेले. ‘सेत्तेई शिर्योशू’मध्ये पात्रांचे समोरून, बाजूने, पाठीमागून काढलेले तक्ते, कपडे, हत्यारं, खोल्यांची मांडणी. ‘झुरोकू’ म्हणजे प्रदर्शनाचा कॅटलॉग. अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्याला गेंगाशूतून जे मिळेल ते गाशूतून मिळणार नाही. रंगांसाठी पुस्तक घेणाऱ्याने गेंगाशू घेतलं तर तो कपाळाला हात लावेल.

याशिवाय मालिकेच्या नावाने निघणारं चित्रपुस्तक असतं, आणि गफलत त्यातच होते. ‘सीरियल एक्सपेरिमेंट्स लेन’ (१९९८) या अ‍ॅनिमेशन मालिकेतल्या पात्रांची मूळ कल्पना योशितोशी आबे यांची. पण ती पात्रं अ‍ॅनिमेशनला झेपतील अशा रेघेत बसवली ताकाहिरो किशिदा यांनी. आबेंची खरखरीत पोताची, रंगांचे थर असलेली चित्रं हवी असतील तर त्यांच्या स्वतःच्या नावाचा संग्रह घ्या. मालिकेचं पुस्तक घेतलंत तर किशिदांची रेघ मिळेल. तीही उत्तमच आहे, पण ती वेगळी.

‘अ‍ॅनिमेज’ (१९७८ पासून) किंवा ‘न्यूटाइप’ (१९८५ पासून) अशा अ‍ॅनिमेशनच्या मासिकांसाठी काढलेल्या मोठ्या चित्रांतही रेघ एकाची, रंग दुसऱ्याचे आणि पार्श्वभूमी तिसऱ्याची असते. पुस्तकाच्या शेवटी छोट्या अक्षरात ही नावं दिलेली असतात: ‘गेंगा’समोर रेघ काढणारा, ‘शिआगे’समोर रंग भरणारा, ‘हाइकेई’समोर पार्श्वभूमीवाला. ‘इव्हँगेलियन’ (१९९५) मधल्या पात्रांचं डिझाइन योशियुकी सादामोतो यांचं, तरी त्या मालिकेवरची सगळी चित्रं त्यांनी काढलेली नाहीत. विक्रेत्याकडून शेवटच्या यादीचा फोटो मागवा. तो मिळत नसेल तर घाई करू नका.

पानं मोजू नका, पूर्ण पानाची चित्रं मोजा

३,००० येन मूळ किंमत आणि १० टक्के कर धरून ३,३०० येनचं १६० पानी पुस्तक घ्या. त्यात पूर्ण पानाची १०० चित्रं असतील तर एक चित्र ३३ येनला पडलं. तेवढ्याच जाडीच्या पुस्तकात अशी ४० असतील आणि बाकी पानांवर सहा-सहा छोटे चौकोन, तर तेच चित्र ८२ येनच्या पुढे जातं. ‘लाइट नॉव्हेल’ म्हणजे सचित्र, हलक्याफुलक्या कादंबऱ्यांची चित्रं काढणाऱ्यांच्या संग्रहात हे हमखास दिसतं: मुखपृष्ठाची चित्रं मोठी, आतली कृष्णधवल चित्रं अगदी बारीक. मुखपृष्ठाचं चित्र शीर्षकाच्या अक्षरांशिवाय छापलंय ना, तेही बघा. अक्षरांखाली झाकलेला भाग मोकळा दिसावा यासाठी तर आपण पैसे मोजतो.

आकारातही फरक पडतो. ए४ म्हणजे २१० × २९७ मिमी. जपानी बी५ म्हणजे १८२ × २५७ मिमी, आपल्याकडे मिळणाऱ्या आंतरराष्ट्रीय बी५ पेक्षा थोडा मोठा, पण ए४ च्या जेमतेम पाऊण. बारीक तपशील भरणाऱ्या चित्रकाराला बी५ मारक ठरतो. मोठ्या, मोकळ्या आकारांत काम करणाऱ्याचं बी५ मध्ये फारसं बिघडत नाही.

‘खास या पुस्तकासाठी काढलेलं चित्र’ अशी जाहिरात असली तर ते बहुधा फक्त मुखपृष्ठ असतं. त्यापेक्षा चित्र टप्प्याटप्प्याने कसं घडलं ते दाखवणारी आठ-दहा पानं जास्त कामाची. मात्र मजकूर जपानीतच असतो, आणि थर कसे चढवलेत हे प्रत्येक वेळी चित्रावरून कळेलच असं नाही.

छपाई आणि बांधणी

पडद्यावर झगमगणारा गुलाबी किंवा विजेसारखा निळा चार शाईंच्या नेहमीच्या छपाईत उतरत नाही, मळकट होतो. डिजिटल चित्रकारांच्या बाबतीत हे फार जाणवतं. चांगले प्रकाशक यावर खर्च करतात: मॅजेंटा या नेहमीच्या गुलाबी शाईच्या जोडीला चमकती गुलाबी शाई वापरतात, नाहीतर ‘कॅलिडो’सारख्या जास्त रंग दाखवणाऱ्या शाईंवर छापतात. पुस्तकाच्या माहितीत याचा उल्लेख असेल तर दोन-चारशे येन जास्त द्यायला हरकत नाही. जलरंगात काम करणाऱ्याच्या पुस्तकात चमकत्या शाईला महत्त्व नाही. तिथे कागद बघा: मॅट कागदावर कागदाचा पोत राहतो, चकचकीत आर्ट पेपरवर तो जातो.

बांधणीकडे लक्ष द्यायचं ते जोडपानासाठी, म्हणजे समोरासमोरच्या दोन पानांवर पसरलेल्या चित्रासाठी. डिंकाने चिकटवलेल्या पुस्तकात दोन्ही बाजूंचे काही मिलिमीटर शिवणीत गडप होतात, आणि नेमका चेहरा तिथे आला तर नाक नाहीसं होतं. धाग्याने शिवलेलं पुस्तक जास्त सपाट उघडतं. पीयूआर नावाचा लवचीक डिंकही बराच बरा. साध्या डिंकाची जुनी पुस्तकं जोर लावून उघडली की कण्याला तडा जातो आणि पानं सुटी होतात. असं पुस्तक आलं तर मधून फाकवू नका. टेबलावर कण्यावर उभं धरून पुढून थोडी, मागून थोडी अशी पानं खाली सोडत मध्यापर्यंत या.

कितवी छपाई, आणि थांबावं का?

शेवटच्या पानावरच्या प्रकाशन नोंदीला ‘ओकुझुके’ म्हणतात. तिथे आवृत्ती आणि छपाईचा क्रम असतो. पहिली छपाई संग्राहकाला हवी असते. चित्रं बघायला दुसरी-तिसरी चालते, आणि कधीकधी आधीच्या चुका तिथे सुधारलेल्या असतात. साल जपानी पद्धतीने, म्हणजे सम्राटाच्या कारकिर्दीप्रमाणे, असेल तर हेइसेईच्या आकड्यात १९८८ मिळवा, रेइवाच्या आकड्यात २०१८.

जपानमध्ये नवी पुस्तकं प्रकाशकाने ठरवलेल्या किमतीलाच विकली जातात, त्यामुळे नव्या प्रतीवर सवलत शोधण्यात वेळ घालवू नका. उलट, चालू छपाईतलं पुस्तक कुणी ‘दुर्मीळ’ म्हणत दुपटीने देत असेल तर सरळ पाठ फिरवा. खरोखर संपलेल्या पुस्तकांचीही नवी आवृत्ती निघू शकते. आबे यांचा ‘लेन’ चित्रांचा १९९८ चा संग्रह काही वर्षांनी नव्या रूपात पुन्हा आला. निव्वळ चित्रांसाठी तिप्पट पैसे देण्यापेक्षा थोडं थांबलेलं चांगलं. दुकानागणिक मिळणारी पोस्टकार्डं किंवा अ‍ॅक्रिलिकच्या बाहुल्या यासाठी जादा पैसे देणं पुस्तकं मागवून देणाऱ्या आम्हाला तरी पटत नाही.

कोमिकेत म्हणजे तोक्योत उन्हाळ्यात आणि डिसेंबरअखेर भरणारी स्वप्रकाशित पुस्तकांची जत्रा. तिथली पुस्तकं पातळ असतात आणि थोडक्या प्रती निघतात. त्यातली बरीच चित्रं पुढे मोठ्या संग्रहात येतात, म्हणून अशा पुस्तकांची निवड जपून करा.

जुनी प्रत घेताना

जपानी विक्रेते दोष लपवत नाहीत, पण शब्द समजले पाहिजेत. ‘याके’ म्हणजे उजेडाने पिवळेपणा, ‘शिमी’ म्हणजे डाग, ‘सुरे’ म्हणजे घासल्याच्या खुणा. ‘ओबी’ ही मुखपृष्ठाभोवतीची कागदी पट्टी. ती नसेल तर संग्राहकांच्या बाजारात किंमत उतरते, चित्रांचं काही जात नाही. कडेचा याके चालेल. आतल्या पानावरचा शिमी नको: तो बुरशीचा असू शकतो आणि आपल्या पावसाळ्यात कपाटभर पसरतो.

नकली प्रतीही फिरतात. छापील पान स्कॅन करून पुन्हा छापलं की ठिपक्यांवर ठिपके येतात आणि सपाट रंगात, विशेषतः गालावर आणि आकाशात, जाळीसारखे पट्टे उमटतात. दहापट भिंगाखाली केसांची रेघ बघा: अस्सल प्रतीत ती सलग काळी, नकलेत कडा रंगीत आणि विस्कटलेली. मागच्या बाजूला एकाखाली एक दोन बारकोड असतात. खालचा १९२ ने सुरू होतो, मग चार आकडी वर्ग आणि पाच आकडी मूळ किंमत. छापलेल्या किमतीशी तो जुळला नाही तर प्रत संशयास्पद समजा. जुळला म्हणून मात्र खात्री धरू नका, कारण बारकोडही स्कॅन होतोच.

वजन, भाडं, पावसाळा

१५७ जीएसएम (चौरस मीटरला १५७ ग्रॅम) कागदावरचं १२८ पानी ए४ पुस्तक म्हणजे ६४ कागद, नुसत्या कागदाचे सव्वासहाशे ग्रॅम. मुखपृष्ठ आणि खोका धरून किलोच्या आसपास जातं. दोन पुस्तकं एकत्र मागवली तर पुस्तकामागे भाडं बहुधा कमी पडतं. सीमाशुल्क वेगळं लागू शकतं. ते आम्ही प्रत्यक्ष पावतीप्रमाणे घेतो.

आर्ट पेपर ओला झाला की पानं एकमेकांना चिकटतात आणि सोडवताना रंगासकट सोलून निघतात. जून ते सप्टेंबरात, कोकणात तर जरा आधीपासूनच, पुस्तक भिंतीला टेकवून ठेवू नका. कपाटात सिलिका जेल ठेवा, आणि महिन्यातून एकदा कोरड्या दिवशी पानं चाळून हवा लागू द्या. घट्ट प्लास्टिक पिशवीत बंद करून ठेवलं तर आतला दमटपणा आतच कोंडतो.

ऑर्डर देताना आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, कळवा. जपानी पुस्तकांचा ९७८-४ ने सुरू होतो, २००७ पूर्वीच्या पुस्तकांचा दहा आकडी आणि ४ ने. सोबत नवी हवी की जुनी चालेल, ओबी हवी का, आणि याके किती चालेल, एवढं लिहा. जुन्या प्रतीसाठी आम्ही कणा, ओकुझुके, शेवटची यादी आणि आतली तीन पानं यांचे फोटो पाठवतो. तुमचा होकार आल्यावरच पैसे घेतो.