शिकेकाई

शिकेकाई : (सं. सप्तला, चर्मकषा, क. सीगेकायी, त. सीयक्काय, कुल फॅबेसी). डोक्यावरून न्हाण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या शेंगा व त्या देणारी काटेरी महावेल. दक्षिण व आग्नेय आशियात सर्वत्र. महाराष्ट्रात कोकण व सह्याद्रीत आढळते. आकडेदार काट्यांच्या आधाराने ती झाडांवर चढते. फुले गोंड्यासारखी, शेंगा मांसल, वाळल्यावर तपकिरी व सुरकुतलेल्या असतात.

मराठी नाव बहुधा कन्नडमधून आले असावे. त्या भाषेत ‘कायी’ म्हणजे कच्चे फळ वा शेंग. तेव्हा ‘शिकेकाईची शेंग’ ही द्विरुक्तीच होय. संस्कृत नावाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. चरकसंहिता या आयुर्वेदीय ग्रंथाच्या कल्पस्थान या विभागातील 11 व्या अध्यायात सप्तला हे विरेचक (जुलाब घडवणारे) द्रव्य म्हणून येते. काही अभ्यासक ती शेराच्या वर्गातील चिकाळ वनस्पती मानतात. विरेचनासाठी तेथे सप्तलेची मुळे घ्यायला सांगितली आहेत, शेंगा नव्हेत. ही बाब या मताला पोषक आहे. उलट तेथेच दिलेला ‘बहुफेनरसा’ हा पर्याय शिकेकाईच्या फेसाकडे बोट दाखवतो. निघंटूंतील (औषधी वनस्पतींच्या जुन्या कोशांतील) ‘चर्मकषा’ हे नावही घासून स्वच्छ करण्याशी जुळते. एकाच नावाखाली दोन वनस्पती वापरात असाव्यात, हे मत त्यातल्या त्यात सयुक्तिक वाटते.

शास्त्रीय नावही स्थिर राहिलेले नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदॉल यांनी 1825 मध्ये दिलेले ॲकेशिया कन्सिना हे नाव व्यवहारात रूढ आहे. मात्र ॲकेशिया प्रजातीचे विभाजन झाले आणि 2005 च्या व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेनंतर ‘ॲकेशिया’ हे प्रजातीचे नाव प्रामुख्याने ऑस्ट्रेलियातील जातींकडे गेले. त्यामुळे अलीकडील ग्रंथांत ही वेल सेनेगॅलिया रुगाटा म्हणून नोंदलेली दिसते.

फेस येतो तो शेंगेतील सॅपोनिन या फेसाळ द्रव्यांमुळे. त्यांच्या रेणूचा एक भाग पाण्याशी व दुसरा तेलाशी जुळतो. म्हणून तेलकट मळ सुटतो. विहिरीच्या जड (दुष्फेन) पाण्यात साबणाचा साका होऊन तो केसांना चिकटतो. शिकेकाईचा तसा होत नाही. शिवाय तिचा काढा आम्लधर्मी असल्याने केसाचे बाह्य खवले साबणाने उघडतात तसे उघडत नाहीत व गुंता कमी होतो. शिकेकाईने केस वाढतात ही समजूत मात्र जपूनच घ्यावी. केसाचा दिसणारा भाग केराटिन या प्रथिनाचा व मृत असतो. वाढ मुळाशी, महिन्याला साधारण 1 सेंमी. होते. तुटणे कमी झाले की लांबी टिकते, एवढेच.

शेंगा रात्री भिजवून सकाळी उकळतात किंवा आवळकाठी, नागरमोथा व गव्हला कचरा या सुगंधी द्रव्यासह दळून आणतात. रिठा घातल्यास फेस वाढतो, पण केस रुक्ष होतात. पूड वस्त्रगाळ नसेल तर तिचे कण विंचरताना फणीत येत राहतात. डोळ्यांत गेल्यास चांगलीच झोंबते.

पाला आंबट असून काही ठिकाणी चिंचेऐवजी वापरतात. उत्तर थायलंडमध्ये नववर्षाच्या सोहळ्यात शेंगांचे पाणी शुद्धीसाठी शिंपडतात.