स्थलांतरितांचं मोठ्या संख्येनं येणं आणि सरकारी सोय (गोवा)

हजारो माणसं एकदम एखाद्या राज्यात येऊन थडकली की त्यांची नोंद, तपासणी, राहणं-खाणं आणि शेवटी घरापर्यंत पोचवणं, ही सगळी सरकारी धावपळ या नावाखाली येते. (लोंढा म्हटलं की गोंयकाराला आधी रेल्वे जंक्शनच आठवतं, म्हणून तो शब्द टाळलाय.) भारताची 1951 च्या निर्वासित करारावर सही नाही, वेगळा कायदाही नाही, त्यामुळे असं संकट आलं की गाडा बराचसा 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यावर चालतो, म्हणजे कलेक्टर, मामलेदार आणि रात्रभर जागणारा त्यांचा स्टाफ.

गोव्याची गंमत अशी की येणारे बरेचदा आपलेच असतात. 1990 मध्ये इराकनं कुवेत घेतलं तेव्हा एअर इंडियानं अम्मानहून सुमारे 1.7 लाख भारतीय मुंबईला आणले, त्यात गोंयकारही होते, आणि कोकण रेल्वे झालेली नसल्यानं मुंबईहून गाव गाठणं हा आणखी एक प्रवास होता. 2020 मध्ये कोविडात तर दोन्हीकडून गर्दी, थिवी-मडगावहून श्रमिक गाड्या मजुरांना घेऊन बाहेर चालल्यात आणि इकडे जहाजांवर अडकलेले तारवटी (जहाजावर नोकरी करणारे गोंयकार) परत येतायत. एप्रिलमध्ये गोव्यात पेशंट शून्यावर आले होते, मग मेमध्ये दिल्लीहून मडगावला थांबणाऱ्या स्पेशल गाडीतून उतरलेल्यांत पॉझिटिव्ह निघाले आणि सगळा जोर स्वॅब आणि क्वारंटाइनवर गेला. क्वारंटाइनचं बिल कोणी भरायचं यावर वादही झाले.

छावणीसाठी जगभर स्फिअरचे (मदतकार्यातल्या किमान सोयींच्या आंतरराष्ट्रीय मानकांचे) आकडे धरतात: माणशी रोज 15 लिटर पाणी, 3.5 चौरस मीटर छप्पर, 20 जणांमागे 1 संडास. म्हणजे शाळेत 500 माणसं ठेवायची तर 25 संडास आणि रोज साडेसात हजार लिटर पाणी, तेही बाहेर जूनचा पाऊस कोसळत असताना. शाळा ताब्यात घेणं सोपं, हे जमवणं कठीण.

पण खरी मेख नोंदवहीत आहे. नाव आणि मोबाइल सगळे लिहून घेतात. गाव कुठलं, घरी घ्यायला कोण आहे, हे काउंटरवर विचारलं नाही की बस भरल्यावर गोंधळ होतो. गावाचं हे महत्त्व गोंयकाराला नवं नाही: मुंबईत धोबीतलावच्या आसपास गोव्यातल्या गावागावांचे कूड (गावकऱ्यांसाठी राहायच्या जागा) होते, काही अजून आहेत. जहाज मिळेपर्यंत तारवटी तिथं थोड्या पैशांत राहायचा, ट्रंक ठेवायचा, आणि आत घ्यायचं की नाही ते ठरायचं त्याच्या गावावरून.