व्हायरस गेला, तरी विंडोज नीट चालत नाही? फॉरमॅट मारण्याआधी हे वाचा

अँटीव्हायरस ‘व्हायरस काढला’ म्हणतो, तरी टास्क मॅनेजर उघडत नाही, नेट असूनही ब्राउझर चालत नाही, अशी मशीन आमच्याकडे नेहमी येतात. व्हायरस काढणं वेगळं आणि त्याने विंडोजमध्ये केलेली मोडतोड निस्तरणं वेगळं. हे दुसरं काम राहिलं की ग्राहकाला व्हायरस अजून आहेच असं वाटतं आणि घाईने फॉरमॅट मारलं जातं. टॅलीचा डेटा, मुलांचे फोटो त्यातच जातात.

म्हणून मशीन आलं की आम्ही आधी नेट काढतो आणि डेटा वेगळ्या डिस्कवर घेतो. मग डिफेंडरचं, म्हणजे विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसचं, ऑफलाइन स्कॅन लावतो. ते विंडोज पूर्ण सुरू न करता चालतं, त्यामुळे एरवी लपून बसणारे व्हायरसही सापडू शकतात.

खरी दुरुस्ती त्यानंतर. विंडोज आपल्या मूळ फायलींचा साठा स्वतःजवळ ठेवतं. विंडोजमध्येच दोन दुरुस्ती कमांड असतात: ‘डिझम’ (DISM) हा साठा तपासून दुरुस्त करतो आणि ‘एसएफसी’ (SFC) त्यातून बिघडलेल्या सिस्टीम फायली बदलतो. साठाच खराब असेल तर एसएफसीचा उपयोग नाही, म्हणून डिझम आधी. घरी करत असाल, तर डिझम एकाच टक्क्यावर बराच वेळ थांबला म्हणून मशीन बंद करू नका. प्रॉक्सी (नेट कुठून जावं याची सेटिंग), होस्ट्स फाइल (वेबसाइटच्या पत्त्यांची यादी), रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) यांत व्हायरसने केलेले बदल मात्र ही साधनं पूर्ववत करत नाहीत. ते आम्ही हाताने तपासतो.

पेनड्राइव्हमध्ये फोल्डरऐवजी शॉर्टकट दिसतात? फोल्डर बहुधा फक्त लपवलेले असतात. शॉर्टकटवर क्लिक करू नका, पेनड्राइव्ह तसाच आणा.

फायली लॉक करून पैसे मागणारं रॅन्समवेअर असेल, तर विंडोज दुरुस्त करूनही फायली उघडत नाहीत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे असंच रॅन्समवेअर पसरलं, तेव्हा त्याला अडवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलेलं होतं. अपडेट टाळू नका, हे आमचं कळकळीचं सांगणं. लॉक झालेल्या फायली डिलीटही करू नका. काही प्रकारांचं लॉक उघडणारी किल्ली ‘नो मोअर रॅन्सम’ या वेबसाइटवर मोफत मिळते.

संसर्ग खोलवर गेला असेल, तर विंडोज नव्याने टाकणंच सुरक्षित, आणि ते आम्ही स्पष्ट सांगू. बँकेचे पासवर्ड तोवर दुसऱ्या, स्वच्छ मोबाइलवरून बदला. खात्यातून पैसे गेले असतील तर आमच्याकडे येण्याआधी बँकेला कळवा आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

लॅपटॉप आणताना चार्जर आणा. बिटलॉकर (डिस्क लॉक करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर रिकव्हरी कीसुद्धा लागेल. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते.