जांभ्याच्या भिंतीला सिमेंट का सोसत नाही

पावसाळा सरला की कोकणातल्या एखाद्या जुन्या जांभ्याच्या देवळाची भिंत जवळून पाहा. सिमेंटने भरलेल्या दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, जशाच्या तशा दिसतील; त्यांच्या दोन्ही अंगांना मात्र चिरा, म्हणजे जांभ्याचा घडीव दगड, झडून खळगे पडलेले असतील. दुरुस्ती टिकली, भिंत चालली.

जांभा सच्छिद्र. पावसात तो पाणी पितो आणि उघडीप मिळाली की सोडतो. पूर्वी हे पाणी चुन्याच्या दरजांतून निघून जाई. सिमेंटने ती वाट बंद होते, मग पाणी चिऱ्यातूनच वाळतं आणि खाऱ्या वाऱ्याने आलेलं मीठ त्याच्या छिद्रांत स्फटिक धरतं. स्फटिक वाढताना आतून रेटा देतात, वरचा थर सुटतो. गवंडी यालाच लोणा लागला म्हणतात. चुन्याच्या बांधकामात हीच झीज दरजा सोसतात, आणि दरज पुन्हा भरता येते. चिरा परत आणायचा कुठून?

दुरुस्तीने मूळ वस्तूला धक्का लावू नये, हे शहाणपण जगाला उशिरा आणि मोठी किंमत मोजून कळलं. जुन्या इमारती दुरुस्त करणाऱ्या फ्रान्सच्या व्हिओले-ल-द्यूक या वास्तुकाराला इमारत ‘पूर्ण’ करायची होती, मग ती पूर्वी कधीच तशी नसली तरी चालेल. उलट १८७७ साली इंग्रज कवी आणि कारागीर विल्यम मॉरिस यांनी लंडनला संस्था काढली ती निगा राखा, नवं घडवू नका, एवढ्यासाठी. भारताच्या पुरातत्त्व खात्याचे तेव्हाचे प्रमुख जॉन मार्शल यांच्या १९२३च्या नियमपुस्तिकेतून हा विचार भारतातल्या स्मारकांपर्यंत आला. तरीही १९३१ साली अथेन्सला जमलेल्या तज्ज्ञांनी दुरुस्तीत सळईच्या काँक्रीटला मान्यता दिली. त्याच शहरात तेव्हा ग्रीक अभियंते बलानोस पार्थेनॉन या प्राचीन देवळाचे खांब उभे करत होते. प्राचीन ग्रीकांनी दगड जोडणाऱ्या लोखंडाभोवती शिसं ओतलं होतं. बलानोस यांनी ते शिसं वगळलं. लोखंड गंजून फुगलं, संगमरवर तडकला. पुढे ते लोखंड काढून टायटॅनियम घालावं लागलं. (आपल्या सिंधुदुर्गाच्या पायातही शिसं ओतल्याची परंपरेने सांगितलेली हकिकत आहे.)

स्मारकांच्या जतनासाठीच्या १९६४च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेने ठरवलं, जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबावा. आपल्याकडे देऊळ नवं करणं हीच भक्ती. अस्सलपणा त्या त्या संस्कृतीच्या नजरेने पाहावा, हे १९९४ साली जपानमधल्या नारा इथे मान्य झालं, आणि मला ते पटतं. कौलं बदला, वासे बदला. पण चिऱ्याला चुनाच हवा.

चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत पुन्हा चुनखडी होतो, त्याला महिने लागतात. म्हणून दरजा भरायच्या तर पाऊस गेल्यावर. जुनं सिमेंट आधी छिन्नीने, हलक्या हाताने काढायचं, आणि भरलेल्या भागावर ओलं गोणपाट टाकून तो काही दिवस भिजता ठेवायचा.