अननसाला अढी लागत नाही

नाशिकच्या रविवार कारंजावर हिरवागार अननस हातात ठेवत विक्रेता हमखास सांगतो, "ताई, चार दिवस तांदळाच्या डब्यात ठेवा, मधासारखा होईल." आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय. आंबा पिकतो, केळं पिकतं, मग अननस का नाही?

नाही पिकत. कच्च्या आंब्यात, केळ्यात पिष्ट साठलेलं असतं, काढणीनंतर त्याची साखर होते. अननसात असा साठा जवळपास नसतोच. त्याची गोडी झाडाच्या पानांतून येते आणि देठ कापला की ती वाट बंद. घरी ठेवल्यावर साल पिवळी पडते, गर मऊ होतो, आणि त्यालाच आपण 'पिकला' म्हणतो.

नाशिककरांना खरं तर हे सांगायची गरज पडू नये. द्राक्षाचंही तेच! निफाड-पिंपळगावचा बागायतदार मण्याचा रस गोडी मोजणाऱ्या ब्रिक्स मीटरवर तपासूनच घड तोडतो, कारण तोडल्यावर गोडी वाढत नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

म्हणून निवड घेतानाच करा. शेंड्याचं पान उपटून बघणं फारसं भरवशाचं नाही. फळ उलटं करून बुडाचा वास घ्या: गोडसर दरवळ हवा. आंबूस, दारूसारखा वास आला तर ते उतरलंय. आणि आंबट निघालाच तर शिरा करा. शिजवल्यावर त्यातलं ब्रोमेलेन हे जीभ चुरचुरवणारं विकर निकामी होतं, साखर तर आपण घालतोच.